लान्स आर्मस्ट्राँग: कबुली दिली तरी तुरुंग नाही, आणि १० कोटींचा दावा ५० लाखांवर कसा मिटला?

अठ्ठावीस_दाती

सात वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकून उत्तेजकांमुळे ती जेतेपदं गमावलेला अमेरिकी सायकलपटू आर्मस्ट्राँग, त्याचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचतोय आणि तीन ठिकाणी गाडं अडलंय.

एक. २००५ साली शपथेवर सांगितलं की कधीच उत्तेजक घेतलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रीसमोर सातही टूर जिंकताना घेत होतो म्हणाला. दोन्हींपैकी एक खोटं आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. मग खोट्या साक्षीचा खटला का नाही? धावपटू मॅरियन जोन्सला तर ६ महिने आत बसावं लागलं.

दोन. त्याच्या संघाला अमेरिकी टपाल खात्याने दिलेल्या प्रायोजकत्वाचा दावा जवळपास १० कोटी डॉलरचा होता, मिटला ५० लाखांत. कबुली हातात असताना सरकार इतकं खाली का आलं?

तीन. उत्तेजकविरोधी नियमात ८ वर्षांची मुदत होती. २०१२ साली आरोप ठेवून १९९८ पासूनचे निकाल कसे पुसले?

"पैसेवाला होता म्हणून सुटला" हे उत्तर टपरीवर फुकट मिळतं, ते नको. कागदोपत्री काय झालं ते हवंय.

---

फौजदारी_की_दिवाणी

आधी क्रम नीट लावून घ्या, कारण बहुतेकांच्या डोक्यात तो उलटा असतो. कबुली दिली आणि मग सगळं कोसळलं, असं झालेलं नाही. 'युसाडा'चं, म्हणजे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचं आरोपपत्र १२ जून २०१२ चं. आर्मस्ट्राँग त्याविरुद्ध ऑस्टिनच्या फेडरल कोर्टात गेला. न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी युसाडाच्या हेतूंवर चार शब्द सुनावले, पण २० ऑगस्टला दावा फेटाळला: भांडण लवादापुढे न्या. तीन दिवसांनी त्याने लवादच नाकारला. २४ ऑगस्टला आजीवन बंदी. १० ऑक्टोबरला हजार पानांहून मोठा निर्णय आणि पुरावे, त्यात २६ जणांच्या साक्षी, पैकी ११ जुने संघसहकारी. २२ ऑक्टोबरला यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, ते मान्य केलं. ओप्राची मुलाखत प्रक्षेपित झाली १७ आणि १८ जानेवारी २०१३ ला. तोपर्यंत खेळातली शिक्षा देऊन झाली होती.

आता पहिला प्रश्न. २००५ ची ती साक्ष डॅलसच्या एससीए प्रमोशन्स या कंपनीबरोबरच्या खासगी लवादातली, ३० नोव्हेंबरची. टेक्सासच्या कायद्यात खोट्या साक्षीच्या गुन्ह्याची मुदत दोन-तीन वर्षांची. फेडरल गुन्ह्यांना साधारण ५ वर्षं. २०१३ उजाडेपर्यंत दोन्ही घड्याळं बंद पडली होती.

मॅरियन जोन्सशी तुलना इथेच फसते. तिला शिक्षा उत्तेजकांबद्दल झाली नाही. फेडरल तपास अधिकाऱ्यांशी ती खोटं बोलली, हा तिकडे स्वतंत्र गुन्हा आहे. खोटं बोलली २००३ मध्ये, गुन्हा कबूल केला ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत. आर्मस्ट्राँगवर लॉस एंजेलिसमध्ये ग्रँड ज्युरीचा तपास होता, पण ३ फेब्रुवारी २०१२ रोजी सरकारी वकील आंद्रे बिरोट यांनी कारण न देता तो बंद केला. मुलाखतीनंतर त्यांना पुन्हा विचारलं, तर म्हणाले, मत बदललेलं नाही.

आणखी एक गोष्ट सुटते. खेळाडूने स्वतः ईपीओ (लाल पेशी वाढवणारं औषध) टोचून घेणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा नव्हता. डिसेंबर २०२० च्या रॉडचेन्कोव्ह कायद्याने आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधलं डोपिंगचं कारस्थान गुन्हा ठरवलं, पण तेही डॉक्टर, प्रशिक्षक, पुरवठादार यांच्यासाठी. खेळाडूला त्यातून वगळलंय. इटलीत २००० पासून कायदा वेगळा आहे, तिथे पोलीस थेट दारावर येतात.

---

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नावर.

दावा सरकारने लावलाच नव्हता. लावला त्याच्या जुन्या संघसहकारी फ्लॉइड लँडिसने, जून २०१० मध्ये, मोहोरबंद. 'फॉल्स क्लेम्स' कायद्याखाली सरकारला खोटी बिलं लावून पैसे उकळणाऱ्यावर कोणीही खासगी माणूस सरकारच्या वतीने दावा करू शकतो आणि वसुलीत वाटा घेऊ शकतो. सरकार त्यात सामील झालं २२ फेब्रुवारी २०१३ ला, मुलाखतीनंतर पाच आठवड्यांनी. कबुलीची खरी किंमत इथून मोजायला लागा.

आकडा असा बनतो. २००० ते २००४ या काळात टपाल खात्याने संघमालक कंपनी टेलविंड स्पोर्ट्सला साधारण ३ कोटी २३ लाख डॉलर दिले. कायदा तिप्पट नुकसानभरपाई देतो. तिप्पट केलं की ९ कोटी ६९ लाख, बातम्यांमध्ये "१० कोटी". म्हणजे १० कोटी ही वरची कमाल मर्यादा होती, सिद्ध झालेलं नुकसान नव्हे. संघ १९९६ पासून त्यांचाच होता, पण या कायद्यात कितीही ताणलं तरी १० वर्षांपलीकडे जाता येत नाही. जून २०१० मधून १० वजा करा, म्हणजे आधीची बिलं का सुटली ते कळेल.

खोटं कुठे होतं? प्रत्येक बिलात. २००० च्या नूतनीकरणात उत्तेजकांविषयीचं कलम होतं. कराराच्या अटी पाळतोय असं गृहीत धरून बिल जायचं, आणि त्याच वेळी संघाच्या बसमध्ये रक्ताच्या पिशव्या लटकत होत्या. सुई टोचल्याबद्दल कोणी पैसे मागितले नाहीत, बिलाबद्दल मागितले.

मग ५० लाख का? कारण तिप्पट करायला आधी मूळ नुकसान सिद्ध करावं लागतं, आणि तिथेच सरकारचा पाय अडकला. टपाल खात्याने त्या काळात स्वतःच जाहिरात सल्लागारांकडून अहवाल करून घेतले होते. त्यात लिहिलं होतं की संघामुळे मिळालेल्या प्रसिद्धीची किंमत १० कोटी डॉलरहून जास्त आहे. ३ कोटी घालून १० कोटींची जाहिरात मिळाली, असं तुमच्याच फायलीत असेल तर नुकसान कसलं? बचावाचे वकील हेच घेऊन बसले. सरकारचं म्हणणं, फसवणूक माहीत असती तर एक डॉलरही दिला नसता, शिवाय नंतरची बदनामी वजा करा. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायाधीश ख्रिस्तोफर कूपर यांनी ठरवलं की हे ज्युरी ठरवेल. आता दोघांनाही धास्ती. एकाला १० कोटींची, दुसऱ्याला शून्याची. खटला ७ मे २०१८ ला उभा राहायचा होता, १९ एप्रिलला तडजोड झाली: सरकारला ५० लाख. त्यातले ११ लाख लँडिसला, शिवाय त्याच्या वकिलांच्या खर्चापोटी आर्मस्ट्राँगने १६.५ लाख वेगळे मोजले.

११ लाख म्हणजे २२ टक्के. सरकार सामील झालं तर दावेदाराला १५ ते २५ टक्के मिळतात. लँडिस स्वतः २००६ च्या टूरचं जेतेपद गमावलेला, वर खोट्या निर्दोषत्वाच्या नावाखाली चाहत्यांकडून वर्गणी गोळा केलेला, तीही त्याला २०१२ मध्ये ४ लाख ७८ हजार डॉलर परत करण्याचं मान्य करावं लागलं. धुतल्या तांदळासारखा माणूसच तक्रार करू शकतो असं कायदा म्हणत नाही, आणि बरोबरच आहे. आतली माहिती आतल्यालाच असते.

---

रेटिक्युलोसाइट

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रक्तात आणि कागदात दोन्हीकडे आहे.

८ वर्षांची मुदत होती, खरंय. जून २०१२ पासून मागे मोजलं तर जून २००४ पर्यंतच जाता येतं. युसाडाने त्यावर म्हटलं की ज्याने लबाडी करून पुरावा दडवला त्याला मुदतीचं छत्र मिळत नाही. त्याच वर्षी जानेवारीत एडी हेलेबुइक या मॅरेथॉनपटूच्या प्रकरणात लवादाने असाच निकाल दिला होता: आधी शपथेवर खोटं बोललास, आता मुदत मागू नकोस. यूसीआयने आपल्या कागदात याबद्दल नाक मुरडलं, पण क्रीडा लवाद न्यायालयात अपील केलं नाही. आणि आर्मस्ट्राँगने लवादच सोडल्यामुळे हा मुद्दा लवादापुढे त्याच्यातर्फे कोणी मांडलाच नाही. मला विचाराल तर त्याच्याकडे असलेला सर्वांत दमदार मुद्दा हाच होता आणि तो त्याने टेबलावर सोडून दिला. २०१५ पासून 'वाडा'च्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, संहितेत मुदत १० वर्षं झाली.

दडवणं म्हणजे नेमकं काय, ते निर्णयातल्या दोन प्रसंगांवरून दिसतं. १९९९ च्या टूरमध्ये त्याच्या लघवीत कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश सापडला. मसाज करणाऱ्या एम्मा ओ'रायली यांच्या साक्षीनुसार मागची तारीख टाकून प्रिस्क्रिप्शन बनवलं गेलं: सीटने घासून झालेल्या जखमेवरचं मलम. दुसरा प्रसंग १९९८ च्या जागतिक स्पर्धेचा. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५० टक्क्यांवर गेलं की यूसीआय स्पर्धकाला बाहेर बसवायची. तपासणीवाले दारात, आणि संघाचा डॉक्टर रेनकोटखाली लिटरभर सलाईनची पिशवी दडवून त्यांच्या पुढून आत गेला. पडदा ओढला, सलाईन चढवलं, रक्त पातळ झालं, आकडा उतरला. ५० ची मर्यादा ही चाचणी नव्हतीच, ती फक्त किती घ्यायचं याची खूणगाठ होती.

ईपीओची लघवी चाचणी २००० नंतर आली. त्यावर उतारा म्हणजे मात्रा कमी करायची, त्वचेखाली न टोचता शिरेत द्यायची आणि रात्री द्यायची. सकाळपर्यंत खूण जवळजवळ पुसलेली. आणि मग मोर्चा रक्ताकडे वळला: स्पर्धेच्या काही आठवडे आधी साधारण ५०० मिली काढायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, टूरच्या मध्यावर परत चढवायचं. स्वतःचंच रक्त, त्यामुळे थेट चाचणीच नाही.

आता ज्यावर फार कोणी बोलत नाही ते. ओप्रासमोर त्याने २००९ आणि २०१० च्या पुनरागमनात काही घेतलं नाही असं ठासून सांगितलं. युसाडाच्या तज्ज्ञांचं मत उलट. तीन आठवडे रोज घाट चढला की शरीर पाणी धरून ठेवतं, प्लाझ्मा वाढतो आणि हिमोग्लोबिनचा आकडा खाली घसरायला हवा. त्याचा घसरला नाही. शिवाय रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी, कमालीच्या कमी. बाहेरून रक्त चढवलं की शरीराला वाटतं पुरेसं आहे, आणि मज्जा नवीन पेशी बनवणं मंदावते. हे आकडे नैसर्गिकरीत्या येण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून कमी, असं निर्णयात लिहिलंय.

---

अठ्ठावीस_दाती

@रेटिक्युलोसाइट, मग सगळं कबूल करताना तेवढी दोनच वर्षं का वगळली? आणि मुळात टीव्हीवर बसलाच का? एवढे वकील दिमतीला असताना कोणी अडवलं नाही?

---

फौजदारी_की_दिवाणी

वगळण्याचं कारण त्याने सांगितलेलं नाही, त्यामुळे हा माझा अंदाज समजा. कॅलेंडर काढा. २००५ पर्यंतच्या कृत्यांची ५ वर्षांची फौजदारी मुदत २०१० मध्ये संपते. २००९-१० ची संपते २०१४-१५ मध्ये. मुलाखत २०१३ ची. जी वर्षं कायद्याने मेलेली होती ती कबूल केली, जी जिवंत होती ती नाही. कबुलीजबाबापेक्षा मुदतीचा तक्ता जास्त काळजीपूर्वक वाचलेला दिसतो.

टीव्हीवर का, याचं उत्तर बंदीत आहे. आजीवन बंदी फक्त सायकलिंगपुरती नसते. वाडाची संहिता मानणाऱ्या प्रत्येक खेळात ती लागू होते, ट्रायथलॉन आणि मॅरेथॉनसुद्धा, आणि त्याला ट्रायथलॉन करायचं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये तो युसाडाचे प्रमुख ट्रॅव्हिस टायगर्ट यांना भेटला. त्यांची अट साधी: शपथेवर, सगळं, नावांसकट. मुदत दिली ६ फेब्रुवारी, मग आणखी दोन आठवडे. २० फेब्रुवारीला त्याने नकार दिला. शपथेवर बोलला असता तर तो कागद टपाल खात्याच्या दाव्यात, एससीएच्या दाव्यात, सगळीकडे उघडला असता. टीव्हीवर शपथ नसते. पण शपथ नसली तरी विधान नोंदलं जातं आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून येतं. बंदीत सूट मिळाली नाही आणि दावे मात्र आले. दोन दगडांवर पाय ठेवायला गेला आणि मधल्या ओढ्यात पडला.

उलट सहकाऱ्यांकडे बघा. हिनकॅपी, लाइपहाइमर, झब्रिस्की, व्हँड व्हेल्ड, डॅनियलसन, बॅरी यांनी वेळेत शपथपत्रं दिली, त्यांना ६ महिने बंदी: १ सप्टेंबर २०१२ ते १ मार्च २०१३, बराचसा काळ हिवाळ्यातला, जेव्हा शर्यती तशाही कमी असतात. संघव्यवस्थापक योहान ब्रुइनील लढला. लवादाने २०१४ मध्ये १० वर्षं दिली, मग क्रीडा लवाद न्यायालयाने २०१८ मध्ये ती आजीवन केली.

---

ताळेबंद

एससीएचं प्रकरण सुटायला नको, ते टपाल खात्यापेक्षा शिकण्यासारखं आहे.

एससीए बोनसची जोखीम घ्यायची. आर्मस्ट्राँग जिंकत राहिला तर ठरलेला बोनस कंपनी देणार. २००४ च्या सहाव्या विजयाचा बोनस ५० लाख. कंपनीला उत्तेजकांचा संशय आला, पैसे अडवले, लवाद बसला. तिथे लक्षात आलं की करारात उत्तेजकांचं कलमच नाही. अट एकच: अधिकृत विजेता असला पाहिजे. आणि तो अधिकृत विजेता होताच. फेब्रुवारी २००६ मध्ये कंपनीने ७५ लाख देऊन हात टेकले: ५० लाख मूळ, बाकी व्याज आणि खर्च.

२०१२ मध्ये "अधिकृत विजेता" हेच शब्द उलटले. पण २००६ च्या तडजोडीत लिहिलं होतं की ती कोणीही आव्हानित करायची नाही. मार्ग सापडला दुसऱ्या ओळीत: या तडजोडीतून वाद झाला तर त्याच लवादाला अधिकार राहील. म्हणून कंपनीने तडजोड रद्द करा म्हणण्याऐवजी लवादापुढे खोटं बोलल्याचा दंड मागितला. फेब्रुवारी २०१५ मध्ये दोन विरुद्ध एक मताने १ कोटी डॉलरचा दंड झाला. खोट्या साक्षीतून फायदा होऊ देता येणार नाही, हा निकालाचा गाभा. सप्टेंबर २०१५ मध्ये न सांगितलेल्या रकमेवर मिटलं, वर जाहीर माफी. ज्या खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झालाच नाही, तिचीच ही किंमत.

लंडनच्या संडे टाइम्सचं तसंच. २००४ मध्ये त्यांच्यावर बदनामीचा दावा लावून २००६ मध्ये ३ लाख पौंड घेतले होते. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी परत मागितले, व्याज आणि खर्चासकट १० लाखांच्या वर. ऑगस्ट २०१३ मध्ये मिटलं.

हरले फक्त वाचक. त्याची आत्मचरित्रं खरी समजून विकत घेतली, पैसे परत द्या, असा दावा कॅलिफोर्नियात झाला. सप्टेंबर २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की पुस्तकातला मजकूर, खोटा असला तरी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येतो. बिलात खोटं लिहिलं तर तिप्पट भरपाई, पुस्तकात लिहिलं तर काही नाही.

---

पिवळा_पट्टा

लोकांमध्ये काय झालं त्याबद्दल थोडक्यात. नायकीने १७ ऑक्टोबर २०१२ ला, निर्णय आल्यावर आठवड्याने, हात काढला. त्याच दिवशी तो कर्करोगासाठीच्या स्वतःच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून उतरला. ट्रेक, ओकली पाठोपाठ. एका दिवसात साडेसात कोटी डॉलरची कमाई गेली असं त्याने ओप्राला सांगितलं. राबोबँकेने तर १९ ऑक्टोबरला अख्ख्या खेळातूनच काढता पाय घेतला, त्यांचा संघ वेगळा असूनही. सिडनी ऑलिंपिकमधलं २००० चं कांस्य आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १७ जानेवारी २०१३ ला काढून घेतलं, म्हणजे मुलाखत दिसली त्याच दिवशी.

संस्थेने नाव बदलून लिव्हस्ट्राँग फाउंडेशन केलं. एक डॉलरचा तो पिवळा रबरी पट्टा ८ कोटींहून जास्त विकला गेला होता. रुग्णांना नोकरी, विमा, उपचार यात वाट दाखवायचं काम खरं होतं आणि तो पट्टा घालणाऱ्यांनी कोणाला फसवलं नव्हतं, म्हणून ते लोक सर्वांत जास्त दुखावले.

सात टूर कोणालाच दिलेल्या नाहीत. १९९९ ते २००५, विजेत्याच्या रकान्यात कोणी नाही. त्या वर्षांत दुसरे-तिसरे आलेल्यांपैकी किती जण नंतर अडकले ते बघितलं की कारण विचारावं लागत नाही.

---

अठ्ठावीस_दाती

सगळ्यांचे आभार. शेवटचा एक. हेच आपल्याकडे झालं तर? प्रायोजकाने करारात काय लिहून घ्यावं?

---

फौजदारी_की_दिवाणी

राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ चा आहे. त्याने नाडाला, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला, कायद्याचा आधार दिला, पण उत्तेजक घेणं फौजदारी गुन्हा केलेलं नाही. बंदी, निकाल रद्द, बक्षीस परत, इतकंच. सरकारच्या वतीने दावा लावून वाटा घेण्याची लँडिससारखी सोयही आपल्याकडे नाही. करचुकवेगिरीची खबर देणाऱ्याला बक्षीस मिळतं, ते वेगळं.

म्हणून सगळा भार करारावर. "खेळाची प्रतिष्ठा राखेन" असलं गुळमुळीत वाक्य लिहू नका, त्यावर कोणी पैसे परत देत नाही. लिहायचं ते असं: सही करताना खेळाडूचं विधान की आजवर निषिद्ध पदार्थ वा पद्धत वापरलेली नाही. प्रत्येक हप्त्याच्या बिलासोबत तेच विधान पुन्हा. टपाल खात्याला जे बिलांमधून खेचून काढावं लागलं ते तुमच्याकडे सहीनिशी हवं. बोनस "विजेता" शब्दावर ठेवू नका, "निकाल नंतर रद्द झाल्यास इतक्या दिवसांत परत" असं लिहा, नाहीतर एससीएसारखं होईल. परताव्याचं कलम करार संपल्यावरही टिकेल असं वेगळं नमूद करा. दंडाची रक्कम अव्वाच्या सव्वा टाकून उपयोग नाही, करार कायद्याच्या कलम ७४ खाली कोर्ट वाजवी तेवढीच देतं.

मुदतीची काळजी इथे कमी. मुदत कायदा १९६३, कलम १७: फसवणूक असेल तर ती कळल्याच्या, किंवा सावध राहून कळू शकली असती त्या दिवसापासून घड्याळ सुरू. "कळू शकली असती" ही मेख आहे. पेपरात संशयाची बातमी आली आणि तुम्ही हप्ते देत राहिलात, तर समोरचा वकील ते कात्रण जपून ठेवणार. आणि दावा सहा महिन्यांतच करावा वगैरे कलम कोणी घातलं तर घाबरू नका, कायद्याची मुदत कमी करणारी अट कलम २८ मुळे पोकळ असते.

---

ताळेबंद

भर: करार खेळाडूबरोबर आहे की संघमालक कंपनीबरोबर, हे आधी बघा. टपाल खात्याचा करार टेलविंडशी होता, आणि दावा पेटेपर्यंत त्या कंपनीत वसूल करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. खेळाडूची वैयक्तिक हमी वेगळ्या कागदावर घ्या.